कान्याएवढं भोक

पाटणच्या गल्लीत, सोनाराच्या दुकानावरच्या खोलीत
हा चौथा हिवाळा मी एका पोथीबरोबर काढते आहे.
ताडपत्रं बावन्न. दोन लाकडी फळ्या, मधून दोरा.
नक्कल करणाऱ्यानं आपलं साल चोख लिहिलंय :
नेपाळ संवत एकशे बहात्तर, पौष, गुरुवार,
पाठ मोडली, मान मोडली, पोथी जपा.
त्याचं काही भांडण नाही.
भांडण आहे त्याच्यासमोर जी पोथी होती, तिच्या कर्त्याशी.

त्यानं साल आकड्यांत दिलं नाही.
श्लोकात वस्तू ठेवल्या,
घर सोडताना कुणी खिडकीत ठेवून जावं तशा :
आकाश. बाण. मग न.
न-च्या पुढं कसरीनं पाडलेलं एक गोल भोक.
मग ग.

आकाश म्हणजे शून्य, बाण पाच,
अंक चालतात डावीकडे,
म्हणजे शतक या शेवटच्या शब्दाच्या पोटात.
नग असेल तर डोंगर, सात. शके साडेसातशे.
नाग असेल तर आठ.
एका कान्यात शंभर वर्षं.

छंदाला विचारलं. चरणाचं पहिलंच अक्षर,
तिथं लघु चालतो, गुरूही चालतो,
छंद हात झटकून मोकळा.
आकाशाला विचारलं. पोथीत लिहिलंय,
मेषाच्या आरंभी दिवस-रात्र सारखे,
पण हे त्यानं गुरूच्या गुरूकडून उचललेलं.
आकाश केव्हाच सरकलं होतं, वाक्य जागच्या जागी.
आणि शंभर वर्षांत सरकून सरकतं किती ?
हात लांबवून धरलेल्या करंगळीहून जरासं जास्त.
शब्दांना विचारलं. होरा, केंद्र, द्रेष्काण,
गलबतांतून उतरलेले, यवनांच्या तोंडचे,
इतके रुळलेले की खालच्या आरोग्य केंद्रात
मुलाला लस टोचायला आलेल्या बाईला
त्यांचं गाव विचारायचं सुचत नाही.
ते एवढंच म्हणाले : आम्ही आधीच आलेलो होतो.

ज्ञानीमैया पानांना गवती चहाचं तेल लावते.
अठ्ठावीस वर्षं लावते आहे. बोटांना तोच वास.
येत्या असारात तिला पेन्शनीत काढणार,
पण कागदावर तिचा जन्म वैशाखाच्या पहिल्या दिवसाचा,
आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांसारखा,
आणि वर्षाच्या जागी दोन अक्षरं, दोन वेगळ्या शाया.
साहेब म्हणाले, पुरावा आणा.
तिची जन्मपत्रिका होती, लांब गुंडाळी, वर गणपती रंगवलेला,
ती भूकंपात घराबरोबर गेली.
"आई सांगायची," ती म्हणाली,
"चिनी लोक रस्ता बांधत होते, तेव्हा तू पोटात होतीस."
"रस्त्याचं काम सुरू झालं तेव्हा, की संपलं तेव्हा ?"
मी विचारलं. सवयीनं.
ती माझ्याकडे बघत राहिली,
पोथी माझ्याकडे बघते तशी.

मग मी तिच्यासाठी बसले.
धाकट्या बहिणीचं बारसं, देवळाचा जीर्णोद्धार,
कुठल्या साली गल्लीत पहिला नळ आला
आणि तेव्हा तिच्या कमरेला घागर पेलत होती का.
पेलत होती, पण अर्धी.
अर्ध्या घागरीवरून मी सात वर्षं धरली.
साहेबांना अर्धी घागर चालली नाही.

आज संध्याकाळी लवकर वीज गेली.
ज्ञानीमैयानं ते पान खिडकीशी धरलं,
उरलेला उजेड भोकातून आला,
तिच्या मनगटावर मसुराएवढा पडला.
"तुला काय हवं आहे ?" तिनं विचारलं, "डोंगर की साप ?"
मी हसले. मला काय हवं हा पुरावा नव्हे.
आमचं हे खोरं आधी नागांचं तळं होतं,
इथलं शाळेत न गेलेलं पोरही सांगतं,
आणि आता चहूबाजूंनी डोंगर.
समोर नागार्जुन काळा पडत चालला होता :
नावानं नाग, अंगानं नग.

नोंदवहीत मी पेन्सिलीनं लिहिलं,
सातशे पन्नास, किंवा आठशे पन्नास.
'किंवा' जरा मोठा आला.
तिनं फळ्या जुळवल्या, दोरा तीनदा फिरवला,
आणि गाठ मारण्याआधी विचारलं,
त्या किड्याचं वय काय असेल गं ?